महालक्ष्म्यांसाठी पुढे ढकललेली पाळी

आमच्या अमरावतीच्या घरात पाळी लपून राहत नाही. बाजूला बसायचं, चार दिवस स्वयंपाकघरात पाय नाही. त्यामुळे कुणाची केव्हा येते, हे सासूबाईंना तोंडपाठ.

धाकटी जाऊ अकोल्याची. मुलगी वर्षाची झाली तेव्हा तिनं माहेरच्या दवाखान्यातून गर्भनिरोधक गोळ्या आणल्या. इतक्यात दुसरं नको होतं तिला. हे फक्त मला सांगितलं. पाकिटं माझ्या कपाटात, साड्यांखाली.

त्या वर्षी महालक्ष्म्या नेमक्या तिच्या तारखेवर आल्या. सासूबाईंचे गुडघे गेलेले, सोवळ्यातल्या सोळा भाज्या मी एकटी कशा करणार? मीच म्हटलं, "शेवटच्या सात लोहाच्या गोळ्या सोडून दे. दुसरं पाकीट लगेच सुरू कर. पाळी येत नाही."

"काही होणार तं नाही ना, ताई?"

"काय होते? मी दोनदा केलं."

पाळी आली नाही. महालक्ष्म्या उठल्या आणि सासूबाईंनी बोटं मोजली. "काहून वं, धाकटी बसली नाही या महिन्यात? गोड बातमी दिसते!" जावेनं माझ्याकडे पाहिलं. मी परात घासत राहिले. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करता करता गल्लीला कळलं.

मग ते पाकीट संपलं आणि तिला रक्त जायला लागलं. गोळ्या थांबल्या की जातं, तसंच. घरानं मात्र गर्भ पडला म्हटलं.

"सांगत होती मी, पाण्याचे गुंड उचलू नको. आयकते कोण?" सासूबाई रडल्या. दीर आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. मी तिला चहा नेऊन देत होते. तेवढंच.

बोलले तर तिच्या गोळ्या उघड होतील, असं स्वतःला सांगत राहिले. बारा वर्षं.

परवा तिच्या मुलीला पहिली पाळी आली. सासूबाई तिला म्हणाल्या, "जड उचलू नको बरं. तुह्या मायनं उचललं अन् लेकरू गमावलं."

मला एकदम थकल्यासारखं झालं. म्हटलं, "आई, लेकरू नव्हतंच. गोळ्या होत्या. पाळी लांबवायले मीच सांगितलं होतं."

"अन् आता सांगून राहिली?"

जाऊ ओटा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "गोळ्यांचं मी तवाच सांगितलं असतं, ताई. तुमचं नाव येईल म्हणून गप्प होती."

आणि पुसत राहिली.