मखराला लागलेला हात

कागद कापायचं मशीन घरात आलं की लोकांना वाटतं, बटण दाबलं आणि नक्षी पडली. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एकदा माझ्या टेबलाशी बसवणार आहे. आधी कॉम्प्युटरवर चित्र काढायचं. प्रत्येक पाकळी शेजारच्या पाकळीला कुठेतरी धरून ठेवायची, नाहीतर कापल्यावर अख्खं फूल गळून पडतं. मग चिकट मॅटवर कार्डपेपर बसवायचा, पातं किती खोल जातंय ते कोपऱ्यात तपासायचं. मशीन कापून मोकळं होतं. भोकांतले तुकडे मात्र कागदातच बसून राहतात. ते बारीक आकडीने एकेक उचलायचे आणि शेवटी मॅट उलटी करून ती वाकवत वाकवत कागदापासून सोडवायची. घाईने कागद ओढला की मेहनत मातीत. पण हे ऐकायला वेळ कुणाला असतो?

मशीन माझ्या नवऱ्याने आणलं होतं. तो साड्यांची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होता, कागदाची जाण त्याला माझ्यापेक्षा जास्त. गेल्या हिवाळ्यात तो गेला. श्रावणात आमची कानबाई लिंबायतला मोठ्या दिरांच्या घरी बसते. नारळाला नथ, दागिने घालून देवी सजवायची, एक रात्र जागवायची आणि दुसऱ्या दिवशी तापीत सोडायची, ही आमची खानदेशी रीत. तिच्या मागचं कागदी मखर आम्ही दोघं करायचो.

तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढतात तेव्हा भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात. यंदा आमच्या घराची मूठ नव्हती, कारण माझ्या घरात आता मी आणि माझी मुलगी. गहू सरळ दळायला गेले. मुलगी जेवते ती काय हवा? पण तो घोट मी गिळला. निदान मखर तरी होतं. जावेने फोन करून सांगितलं होतं, दरवर्षीसारखं कर. कुणी सांगून सवरून मागितलेली माझी तेवढीच एक गोष्ट त्या घरात उरली होती.

मी कण्हेरीची फुलं, वेल आणि समोरासमोर दोन मोर काढले. वेल इतका बारीक की श्वास सोडायची भीती. डिंडोलीहून लिंबायतपर्यंत रिक्षात मांडीवर धरून नेलं. जावेने आणि पुतणीने ते चौरंगामागच्या भिंतीला चिकटवलं, मी लांबून सांगत होते. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं.

मग भाऊबंदकीतल्या सगळ्यात वडील, माझ्या चुलत सासूबाई आल्या. त्यांनाही आवडलं. कुणी केलं, असं त्यांनी विचारलं आणि जावेने माझं नाव घेतल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्या माझ्याशी नव्हे, दिरांशी बोलल्या. पहिलंच वर्ष आहे, कुंकू पुसलेल्या बाईच्या हातचं देवीमागे कसं चालेल, असं म्हणाल्या. मी तिथेच उभी होते, भिंतीला टेकलेल्या झाडूसारखी. दीर मखराकडे बघायला लागले. या माणसाच्या आजारपणात मीच दोन्ही वेळचा डबा पोचवला होता, तेव्हा माझा हात चालला होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून माझ्या सासूबाई बोलल्या. त्याही विधवा, पूजेच्या वेळी आपणहून कोपरा धरतात. त्या म्हणाल्या, "ते मशीननी कापेल शे. तिना हात कोठे लागना?"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दीर लगेच मान डोलवायला लागले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाई माझ्या बाजूच्या, माझ्या भल्यासाठीच बोलल्या होत्या, म्हणून तर जास्त झोंबलं. लोखंडाचं पातं पवित्र आणि मी विटाळ! चुलत सासूबाईंनी आता पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि खरं का, म्हणून विचारलं. नुसतं हो म्हणायचं होतं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं, हळूच म्हणाल्या, "इतलं बोली टाक ना, माय. तुनं काय जास?"

माझं काय जातं? सगळंच जात होतं.

"नही," मी म्हणाले. "तठे मनाच हात शे."

माझाच हात होता तिथे, आणि मी थांबले नाही. कुठला तुकडा कसा उचलला, कुठल्या पाकळीला किती वेळ बोटाने धरून ठेवलं, सगळं ऐकवलं. चुलत सासूबाईंनी दिरांना मखर उतरवायला सांगितलं.

दीर स्टुलावर चढले. एका कोपऱ्याची चिकटपट्टी त्यांनी नखाने उचकटली, तर वेलाची एक तार तुटून लोंबायला लागली. दुसरीकडे जावेने हात घातला, तिथे मोराची मान ताणली गेली. तिने हात आखडला. देवीमागची नक्षी फाटतेय हे बघून पलीकडे बसलेल्या बायकांची देवीची गाणी थांबली. दिरांनी वरूनच माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने म्हटलं, "तूच काढ, बेटा. आमनाघाई फाटी जाई."

लावायला माझा हात नको, पण त्यांच्या हातून फाटेल म्हणून उतरवायला हवा. आणि बोलताना त्यांना त्यात काही वावगंही वाटलं नाही.

"मना हात चालत नही ना," मी म्हणाले, "मंग फाडा तुम्हीच."

मी मुलीला जवळ घेऊन चौरंगासमोरच खाली बसले. दीर स्टुलावर तसेच उभे. सासूबाई माझ्याकडे बघेनात. देवीसमोर कागद टराटरा फाडायची छाती कुणाची झाली नाही. कानबाई यंदा माझ्याच मखरात बसली, आणि ते कुणाच्या हातचं आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.