चार बोटं

कारखान्याच्या हॉलचा रखवालदार म्हणजे खांब. साडेसहा फूट उंची, म्हणून नाव पडलं ते पडलंच. सासरेबुवासुद्धा जावयाला त्याच नावाने हाक मारायचे. आता गुडघे असे कुरकुरतात, की तो दाराशी यायच्या आधी बायकोला कळतं. पण एके काळी सायकल कारखान्याच्या बास्केटबॉल संघाचा तो जीव होता. एकाच सामन्यात एकसष्ट गुण! बाहेरचे भलेभले संघ या हॉलमध्ये येऊन नेम हरवून बसायचे आणि खांब मात्र डोळे मिटून चेंडू रिंगमध्ये टाकायचा. ही गोष्ट लोक अजून चवीने सांगतात.

दुसरी गोष्ट सांगतानाही लोकांची जीभ अडत नाही. एरवी त्याचे सगळे सामने याच हॉलमध्ये व्हायचे. पण देशाच्या संघाची निवड होती परक्या शहरात. खांबाने बारा चेंडू टाकले. अकरा मागच्या फळीवर आपटून परत आले. "ऐन वेळी कच खाल्लीस," प्रशिक्षक एवढंच म्हणाले. ते शब्द त्याने एकतीस वर्षं उराशी बाळगले. लेथवर उभं असताना, जेवताना, एकच प्रश्न: आपण घाबरलो कधी? उत्तर सापडत नव्हतं, आणि त्यानेच तो जास्त थकला.

परवा नव्या रिंगा बसवायला फिटर आला. शिडीवरून त्याने टेप सोडली. मग पुन्हा सोडली.

"काका, ही चार बोटं वर आहे. समोरचीही तशीच. कुठल्या शहाण्याने बसवली हो?"

खांब खुर्चीत बसला. रिंग कुणी वर नेली नव्हती, जमीन खाली गेली होती. निवडीच्या काही वर्षं आधी, तो विशीत असताना, हॉलची लाकडी जमीन कुजली, म्हणून संघातल्या सगळ्यांनी मिळून ती उखडली आणि खाली सिमेंट केलं. मोजमाप खांबाकडे होतं. जमीन त्याने अगदी काटेकोर सपाट केली. वर बघायचं काही त्याला सुचलं नाही.

बायको डबा घेऊन आली, तिला त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही घाबरला नव्हतात!" तिचे डोळे भरून आले.

"नव्हतो. पण मग ते एकसष्टही या चार बोटांचेच..."

"गप्प बसा हो. इतकी वर्षं एका गोष्टीने जाळलं, आता दुसरी शोधू नका."

संध्याकाळी नवी रिंग बरोबर उंचीवर बसली. "पहिला चेंडू तुमचा, काका," फिटर म्हणाला. खांब त्याच्या जुन्या जागेवर उभा राहिला, हात वर गेला. चेंडू रिंगवरून जाऊन फळीवर आपटला आणि घरंगळत त्याच्या पायाशी आला.

"जरासा खाली टाका, काका. चार बोटंच."

एवढंच कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं. खांबाने मान हलवली. गुडघे वाकेनात, म्हणून चेंडू बायकोने उचलून त्याच्या हातात दिला.