वखार उजवीकडे

माझी मामी इस्पितळात नक्की काय काम करते, हे आम्हाला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. भाजलेल्यांच्या वॉर्डात मदतनीस, एवढं ठाऊक. आमची समजूत अशी की ती चादरी बदलत असेल. घरात वॉर्डाचं नाव काढायचं नाही हा तिचा नियम होता आणि मामीचा नियम मोडायची छाती आमच्यापैकी कुणाला नव्हती. ती निवृत्त झाली, मामा गेला, ती एकटी पडली, तिला नागीण झाली, आणि मग कुठे एका दुपारी तिनं मला सांगितलं की नोकरीभर तिनं लोकांशी मुद्दाम चुकीचं बोलायचं काम केलं.

नर्स जखमेवरची जुनी पट्टी सोडवायची तेव्हा मामी पेशंटच्या डोक्याशी बसायची. औषध दिलेलं असायचं, पण ते सगळ्या दुखण्याला पुरायचं नाही. उरलेलं दुखणं मामीच्या वाट्याचं. आधी ती जबडा सैल करायला लावायची. "दात आवळू नको. जीभ खाली सोड." मग मुठी, मग खांदे. श्वास घ्यायचा कसा हे ती कधी शिकवायची नाही, सोडायचा कसा तेवढंच. गरम दुधावर फुंकर घालतात तसा, सावकाश. कुणाला म्हणायची, दुखणं कुठे संपतं ते शोध बरं. कोपराच्या वर दुखतंय? नाही ना? मग जरा तिकडे जाऊन बस.

यातलं काहीच लागू पडलं नाही की ती घराचा रस्ता विचारायची. इथून निघालास, मग कुठे वळलास? पेशंट कण्हत कण्हत सांगायला लागायचा आणि मामी चुकायची.

"म्हणजे पुलाच्या अलीकडे."

"पलीकडे हो बाई."

"तेच ते, अलीकडे."

मग त्याच्या डोक्यात तिडीक जायची. एक ट्रकवाला तर म्हणे इतका संतापला की, गाडी मी चालवतो की तुम्ही, असं ओरडला. तोवर त्याची पट्टी सुटून नवी बांधायला घेतली होती. "दुखणं कुणाला बाजूला ठेवता येत नाही," मामी मला म्हणाली, "पण समोरचा चुकतोय आणि वर हेका धरतोय, हे कुणाच्यानं बघवत नाही. तेवढ्यात आपलं काम उरकायचं. आणि दारापर्यंत पोचवायचं हं, मध्येच सोडायचं नाही. अर्ध्या रस्त्यात राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपल्याला हात लावू देत नाही."

हे ती सांगत असताना मला मामाची खोली आठवली.

मामाचं दुखणं मणक्याचं होतं. शेवटी शेवटी त्याला कुशीवर वळवायचं म्हणजे त्याला आणि मामीला दोघांनाही घाम फुटायचा. माझी आई म्हणजे मामाची धाकटी बहीण. त्या दिवशी ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती आणि मी दारात. मामीनं मामाच्या खांद्याखाली हात घातला आणि भलतंच काहीतरी विचारायला सुरुवात केली.

"थांब्यावर उतरलास. मग?"

"मग छापखाना," मामा म्हणाला. त्या दोघा भावंडांच्या लहानपणच्या घराचा तो रस्ता.

"छापखान्यापुढे वखार. डाव्या हाताला."

मामाच्या कपाळाला आठी पडली. त्यानं तोंड उघडलं. पण आता आमच्या आईबद्दल सांगायला हवं. कुणाची चूक दुरुस्त केल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. लोकांच्या लग्नाच्या तारखासुद्धा ती त्यांना दुरुस्त करून देते.

"उजवीकडे गं, वहिनी," आई म्हणाली. "वखार उजवीकडे. तू लग्न होऊन आलीस तेव्हा होती की."

मामाची आठी गेली. त्याच्यासाठी काही उरलंच नाही. मामीचे हात तोवर त्याला अर्धा वळवून बसले होते, आणि मामा ओरडला. त्या आवाजाबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही.

"वन्सं, बाहेर जा," मामी म्हणाली. एरवी ती आईला धाकटे म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा आई शाळेत होती. वन्सं ही फक्त भांडणातली हाक.

"मरणाच्या दारात असलेल्या माणसाला बडबड करायला लावतेस," आई म्हणाली. "शांत पडू दे की त्याला. छळ चाललाय नुसता."

त्याच आठवड्यात मामा गेला. मामीनं काही समजावलं नाही, आईनं काही विचारलं नाही, आणि दोघींचा अबोला सुरू झाला तो वर्षानुवर्षं चालला. दोघींनाही नाकावर माशी बसलेली चालत नाही. मी मात्र दोन्हीकडे जायचे. आई रोज विचारायची, "तिकडची काय म्हणते?" आणि मी उत्तर द्यायला लागले की मिक्सर सुरू करायची.

तिकडची काहीच म्हणत नव्हती. नागिणीचे फोड वाळून गेले, पण बरगडीखाली जो जाळ राहिला तो गेला नाही. डॉक्टर चांगले होते, गोळ्या बदलून पाहत होते, वेळ लागेल म्हणत होते. अंगाला कापडाची शिवण लागली तरी मामी पांढरीफटक पडायची. म्हणून ती घरात मामाचा जुना सुती शर्ट उलटा करून घालायची, शिवणी बाहेर. पलंगाची मामाची बाजू तशीच गुळगुळीत. टेबलाशी दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर ओला टॉवेल वाळत घातलेला. दाराची बेल वाजली की पोचायला तिला इतका वेळ लागायचा की येणारा परत जायचा, आणि मग लोक यायचेच बंद झाले. मला फार वाईट वाटायचं. मी ते बोलून दाखवलं तर ती म्हणायची, "वाईट वाटून घ्यायचं तर घरी जाऊन घे."

कळ यायची तेव्हा ती स्वतःची सगळी विद्या स्वतःवर चालवायची. जबडा, मुठी, खांदे, फुंकर. टॉवेल बरगडीच्या वरच्या बाजूला, जिथे दुखत नाही तिथे दाबून धरायची. बऱ्याचदा भागायचंही. मोठी कळ आली की रस्ता. पण तिथे गाडी अडायची.

"मी माझ्याशी चुकू कशी?" मामी म्हणाली. "मला माहीत असतं ना, मी चुकतेय ते. टीव्हीवरच्या बाईशी भांडून बघितलं. ती भाजी वाट्टेल तशी चिरते, पण माझं ऐकत नाही."

त्या दुपारी मी तिच्याकडे असतानाच मोठी कळ आली. तिनं टॉवेल घट्ट धरला. "विचार," ती म्हणाली. "इस्पितळापासून घर. चुकीचं विचार."

मी विचारलं. इस्पितळाच्या फाटकातून डावीकडे का, असं काहीतरी. मामीनं डोळे मिटूनच मान हलवली. "तुझा आवाज रडतोय. आता तोही मीच सांभाळू का?"

मी पुन्हा प्रयत्न केला. आवाज आणखीच चिरकला. मामीच्या ओठांवर घामाचे थेंब आले होते आणि ती आता काही सांगतही नव्हती. मला वाटलं, ही माझ्यासमोर कोलमडणार आणि मी नुसती बघत बसणार. मला फोन हातात घेताना बघून तिनं हातानं नको नको केलं. मी तरी लावला, आणि स्पीकर चालू करून फोन तिच्या उशीपाशी ठेवला.

"आई, मामीला फार दुखतंय. तिच्याशी भांड."

"काय?"

"इस्पितळापासून तिच्या घरापर्यंतचा रस्ता विचार आणि मुद्दाम चुकीचं बोल. ती तुला दुरुस्त करेल. त्यानं कळ सोसता येते. ती पेशंटना असंच करायची. कारण नंतर विचार."

आईनं चक्क ऐकलं. "वहिनी," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकून मामीनं डोळे उघडले. "फाटकातून बाहेर पडलं की डावीकडे..." आई अडखळली. "नाही, उजवीकडे. डावीकडे तर भिंत आहे." तिला चुकताच येईना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा स्वतःच दुरुस्त केलं. दुसरी वेळ असती तर मी हसून लोळले असते.

मग पलीकडे एकदम सगळं थांबलं. मिक्सर नाही, भांडं नाही. मी काय बोलून बसले ते मला तेव्हा कळलं.

"वहिनी," आईनं विचारलं, "तुला माहीत होतं वखार उजवीकडे आहे ते?"

मामीनं उत्तर द्यायच्या आधी लांब श्वास सोडला. "आंधळ्यालाही कळेल. अर्ध्या गल्लीत लाकडाचा वास यायचा."

"म्हणजे मी बोलले म्हणून तो ओरडला."

"पाठ दुखली म्हणून ओरडला."

"खोटं बोलू नको. पुढे तरी पोचला का तो? नंतर परत विचारलंस का?"

मामी माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हते. खोटं बोलायचं तर यासारखी वेळ नव्हती. "नाही," ती म्हणाली. "नंतर तो बोललाच नाही. छापखान्यापाशीच राहिला."

आईचा रडतानाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो रडण्यासारखा नव्हताच. जड कपाट एकटीनं सरकवताना निघतो तसा, आतून, दात आवळून. मी फोन उचलायला पुढे झाले. मामीनं माझा हात बाजूला केला आणि कोपरावर भार देऊन कण्हत उठून बसली. उलटा शर्टसुद्धा तिला घासला असणार. ती फोनवर वाकली, आणि तिचा आवाज पार बदलला. असा आवाज मी एकदाच ऐकला होता, मामाच्या खोलीत.

"धाकटे. दात आवळू नको. जीभ खाली सोड."

पलीकडून नुसता श्वास.

"थांब्यावर उतरलीस. मग?"

आईनं नाक ओढलं. मग, "छापखाना."

"छापखान्यापुढे वखार. डाव्या हाताला."

"उजवीकडे," आई कशीबशी म्हणाली.

"डावीकडे गं."

"उजवीकडे, वहिनी. माझं घर आहे की तुझं?"

"बरं. मग सायकलवाला."

"आधी पाण्याची टाकी. सायकलवाला टाकीच्या मागे."

"टाकीच्या पुढे."

"मागे! त्याच्याकडे दादानं माझं चाक नीट करून घेतलं होतं. मला माहीत नसेल?"

अशी त्यांची भांडाभांडी टाकीपासून जिन्यापर्यंत चालली. जिना लाकडी की दगडी यावरून चांगलंच वाजलं. मामीचा चेहरा अजून पांढराच होता. टॉवेल मात्र केव्हाच खाली पडला होता आणि तिनं तो मागितला नाही.

"वर गेलं की हिरवं दार," मामी म्हणाली.

"निळं गं. निळं."

"कडी लावलेली असते."

"नसते. आई दार नुसतं लोटून ठेवायची, दादा यायचा असला की."

मामीनं फोन उचलून अगदी तोंडाशी धरला.

"पोचला का मग?"

"हो," आई म्हणाली. "पोचला."