जशुबेनची आणि आमची भिंत

मंगल, तुला आठवत असेल, आम्ही गाव सोडलं त्या सकाळी अमळनेर स्टेशनावर तू माझ्या प्राचीला कडेवरून उतरवायलाच तयार नव्हतीस. गाडी येऊन उभी राहिली तरी तुझं आपलं "मावशीजवळ राहायचं ना गं?" चालूच. शेवटी ह्यांनी तिला तुझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं आणि डब्यात चढले. आई खिडकीशी उभी होती. गाडी हलली तशी तिनं खिडकीची सळई धरली आणि म्हणाली, "तठे कोनी आपलं नही शे, माय. कोनावर भरोसा ठेवू नको."

पुढचा सगळा रस्ता मी समोर बसलेल्या बाईकडे संशयानं बघत होते. नंदुरबारच्या पुढे तिनं प्राचीला बिस्कीट दिलं. मी ते हसून घेतलं, पदराखाली धरलं आणि ती डोळे मिटून बसल्यावर खिडकीबाहेर टाकून दिलं. सुरतेतला माझा पहिला दिवस असा सुरू झाला, उधना स्टेशनावर उतरायच्याही आधी.

लिंबायतच्या खोलीबद्दल तुला सांगायला नको, तू दोनदा येऊन गेलीस. प्राचीचं सगळं बालपण तिथं गेलं. हे पांडेसऱ्यात डाईंगच्या मिलमध्ये, मी घरी साड्यांना लेस लावणारी. गल्लीत निम्मी माणसं आपल्याच तालुक्यातली, त्यामुळे परदेशात आल्यासारखं वाटलं नाही. एकच जाच होता. भिंत घरमालकाची. खिळा ठोकायचा नाही, रंग लावायचा नाही, देवाची तसबीर टांगायची तरी आधी विचारायचं. आपल्या घरी दिवाळीआधी आई पांढरी माती भिजवायची आणि आपण दोघी भिंतींना पोतारा द्यायचो, कोपरापर्यंत हात पांढरे. इथं इतकी वर्षं मी एका भिंतीला हात लावू शकले नाही.

म्हणून भेस्तानला स्वतःचं घर घेतलं तेव्हा मला पहिली आठवण भिंतींची झाली. एकामागे एक दोन खोल्या, मागे मोरी, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याशी लागून भिंत. विकणारा माणूस वापीला राहायचा. घर त्याच्या आईचं होतं, ती वारल्यावर त्यानं विकायला काढलं. तो सारखा घड्याळ बघायचा. घर दाखवतानाही दारातच उभा राहिला, आत आला नाही.

"याला एवढी घाई कसली?" हे घरी येऊन म्हणाले.

मलाही तेच वाटत होतं. शिवाय एक गोष्ट मला खुपली. सगळ्या घराचा चुना पापुद्रे धरून सुटलेला, मोरीची फरशी फुटलेली, आणि मागच्या खोलीच्या एकाच भिंतीला चकचकीत प्लास्टिकच्या पट्ट्या. त्या पीव्हीसीच्या असतात बघ, संगमरवरासारख्या दिसणाऱ्या. नव्याकोऱ्या. बाकीच्या घरावर छदाम खर्च न करणाऱ्या माणसानं या एका भिंतीचे एवढे लाड का केले असतील? ओल लपवली असेल, हे म्हणाले. तडा असेल, मी म्हटलं. पण घर आमच्या ऐपतीत बसणारं तेवढं एकच होतं. घेतलं.

रंगारी लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. प्राची बारावीला, तिच्या मोबाईलवर स्वस्तात घर सजवायचे व्हिडिओ सुरू झाले. त्यातली पोरगी पांढरे कपडे घालून रंग देते आणि तिच्या अंगावर शिंतोडा उडत नाही. आमच्याकडे पहिल्याच दिवशी पत्तीनं जुना चुना खरवडला आणि तिघंही भुतासारखे झालो. मग पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं घासली, पुन्हा भरली. रंग दिला हलका आंब्याच्या कोयीसारखा. फेंटच्या बाजारातून, म्हणजे कापडाचे उरलेले तुकडे विकतात तिथून, मी शिफॉनचे आणि जरीचे लांब तुकडे आणले आणि जोडून पडदे शिवले. फरशीच्या दुकानातून फुटके टाइल मिळाले, ते मोरीच्या जमिनीत सिमेंटवर बसवले. वाकडेतिकडे झाले, पण पाय घसरत नाही.

हे सगळं चालू असताना शेजारच्या जशुबेन रोज यायच्या. पट्ट्यांच्या भिंतीपलीकडचं घर त्यांचं. साठीच्या, विधवा, मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात आणि घरात नुकतीच आलेली सून. दारात उभ्या राहून त्या रंगाचं कौतुक करायच्या, पण त्यांची नजर आमच्या खांद्यावरून मागच्या खोलीत जायची.

"पेली पट्टी काढवानी छे?" एकदा त्यांनी विचारलं. त्या पट्ट्या काढणार का?

"बघू," मी म्हटलं.

"रहेवा दो ने. सारी लागे छे."

चांगल्या दिसतात, राहू द्या. दोन दिवसांनी पुन्हा तेच. माझ्या घरातली भिंत मी ठेवीन नाहीतर फोडीन, हिला काय त्याचं?

मग आणखी गोष्टी लक्षात यायला लागल्या. खिडक्या बंद असल्या तरी मागच्या खोलीत त्यांच्या फोडणीचा वास यायचा. आपल्या घरातल्यासारखा, अगदी नाकाशी. एकदा मी त्याच खोलीत ह्यांना म्हटलं की सासूबाई गुरुवारी येणार आहेत. आम्ही दोघं आपसात अहिराणीच बोलतो. दुसऱ्या दिवशी जशुबेन दारात, "सासु आवे छे ने गुरुवारे?"

माझ्या हातातली पत्ती तशीच राहिली. मी प्राचीला धारेवर धरलं, तूच सांगितलंस म्हणून. ती चिडली आणि चिडली की ती गुजरातीत जाते. "मम्मी, तुं बधा पर शक करे छे!" सगळ्यांवर संशय घेतेस म्हणे. तिनं काही सांगितलं नव्हतं. आणि अहिराणीत बोललं की कोणाला कळत नाही हा आपला भ्रम आहे मंगल, गुजरातीच्या शेजारी ती कसली लपतेय.

त्यातच कोपऱ्यावरच्या किराणावालीनं साबण देता देता विचारलं, "लीलाबाईंचं घर घेतलं ना तुम्ही? म्हातारीचं सोनं गेलं कुठं, ते कोणाला कळलं नाही. शेजारणीचं येणंजाणं फार होतं." एवढंच. पुढे काही नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. हे आठवड्याआड रात्रपाळीला, मी आता दिवसा लेसच्या कारखान्यात, आणि पोरगी अभ्यासाला घरी एकटी.

रविवारी ह्यांनी स्क्रू काढायला घेतले. एक एक पट्टी निघाली. ओल नव्हती. तडाही नव्हता. दार होतं.

निळ्या रंगाचं, लाकडी, माणूस सरळ चालत जाईल एवढं दार. आमच्या बाजूची कडी उखडून काढलेली, तिची फक्त भोकं राहिली होती. आम्ही तिघं बघतच राहिलो. ह्यांनी तळहातानं ढकललं, तसं ते बोटभर सरकलं, कशाला तरी थडकलं आणि पलीकडे भांड्यांचा डोंगर कोसळल्यासारखा आवाज झाला.

"कोण छे?" जशुबेनचा आवाज. असा, जणू माझ्याच खोलीतून.

हे लाल झाले. समोरून जाऊन त्यांनी त्यांचं दार वाजवलं. गल्ली गोळा झाली. "आमच्या घरात यायला रस्ता ठेवलाय का?" हे ओरडत होते. जशुबेनचा मुलगा उलट ओरडत होता, "आमच्या घरात तुम्ही घुसत होता!" मी आत गेले तर काय, त्या दारासमोर लोखंडी कपाट आडवं लावलेलं, आणि जमिनीवर स्टीलचे डबे, पातेली, परात, सगळं विखुरलेलं. ती भांडी कपाटाच्या माथ्यावर कडेला रचून ठेवलेली होती. दार हललं की पडतील आणि आवाज होईल, अशी.

मी जशुबेनकडे बघितलं. त्या सुनेच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"घरात नवी सून आहे माझ्या," त्या म्हणाल्या. त्या गुजरातीत बोलतात, मी आपल्या भाषेत लिहिते. "तुम्ही कोण, कुठले, मला काय माहीत? तुमच्याकडे रात्री उशिरा माणसं येतात."

"माणसं कुठली? हे पाळीवरून येतात."

"मला काय माहीत?" त्या पुन्हा म्हणाल्या.

दाराची गोष्ट मग त्यांनी सांगितली. लीलाबाई अकोल्याकडच्या, एकट्याच राहायच्या. एकदा मोरीत पडल्या आणि पुढचं दार आतून बंद, त्यामुळे अर्धा दिवस तशाच पडून होत्या. त्यानंतर दोघींनी मिळून गवंडी लावला आणि भिंतीत दार काढलं. जशुबेन तिकडून जेवण द्यायच्या, औषध द्यायच्या. लीलाबाई गेल्यावर त्यांचा वापीचा मुलगा आला, एका दुपारीत पट्ट्या मारल्या आणि म्हणाला, नव्या लोकांना सांगू नका, व्यवहार मोडेल. त्या गप्प बसल्या.

"आणि आमचं बोलणं ऐकलंत ते?"

"संभळाय छे. शुं करूं, कान कापी नाखुं?" ऐकू येतं, काय करू, कान कापून टाकू?

त्या एका गोष्टीत तरी त्या खऱ्या होत्या. हे मात्र घरी येऊन म्हणाले, "गोष्ट चांगली रचली आहे." आणि शिलाई मशीन ढकलून दाराला लावलं.

दार बुजवायचं, यावर दोन्ही घरांचं एकमत झालं. पण दिवाळी तोंडावर, गवंडी आज येतो उद्या येतो करत आलाच नाही. मग एका दुपारी, मला सुट्टी होती, हे मिलवर आणि त्यांचा मुलगा कारखान्यात असताना, जशुबेननंच कपाट सरकवलं आणि पलीकडून हाक मारली. "तू मोरी केलीस ना स्वतः? मग हेही कर. माल मी कालवून देते."

दाराची फळी आम्ही बिजागरीतून काढली. चौकटीच्या या बाजूला मी, त्या बाजूला त्या. मी दोरी बांधून वीट लावायची, त्या घमेल्यातून सिमेंटचा माल पुढे करायच्या. पहिल्या थरांना आम्ही एक शब्द बोललो नाही. त्या माझं घर बघत होत्या, मी त्यांचं. भिंत कमरेपर्यंत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "पडदे सारा छे." पडदे चांगले आहेत. छातीपर्यंत आली तेव्हा लीलाबाईंना तिखट किती लागायचं ते सांगू लागल्या. आता मला स्टुलावर चढावं लागलं, त्यांनाही. भिंत जसजशी वर चढत गेली तसतशी त्यांची जीभ सुटत गेली. मुलगा बोलत नाही नीट, सून फोनवरच असते. आणि माझीही सुटली. मी बिस्किटाची गोष्टसुद्धा सांगितली. त्या एवढ्या हसल्या की घमेलं हातातून निसटता निसटता राहिलं.

शेवटी वर एक विटेची फट राहिली. त्यातून त्यांचे फक्त डोळे दिसत होते. मी वीट हातात धरली आणि विचारलं, "जशुबेन, लीलाबाईंचं सोनं कुठं गेलं?"

ते डोळे हलले नाहीत.

"किराणावाली बोलली ना?" त्या म्हणाल्या. "कानातलं तिच्या मुलानं काढून घेतलं, तिला उचलायच्या आधी. मी बघितलं. बांगड्या तिनं आजारपणात आधीच मोडल्या होत्या. पण मी सांगून कोणाला पटणार? दार तर माझ्या घरात उघडत होतं."

त्यांनी माल पुढे केला, मी वीट बसवली, आणि त्या दिसेनाशा झाल्या.

मला पटलं का, हे तू विचारशील. ज्या दिवशी त्या ढोकळा पाठवतात त्या दिवशी पटतं. प्राची एकटी घरी असली की तेवढं पटत नाही. ह्यांना तर अजिबात पटलेलं नाही. मी नाव काढलं की ते पेपर उघडतात.

भिंतीला गिलावा केला, पुट्टी भरली, आणि उरलेल्या जरीच्या कापडाच्या चौकोनी तुकड्यांना गोंद लावून सगळी भिंत मढवली. आता ती घरातली सगळ्यात देखणी भिंत आहे. दिवाळीला जशुबेन सुनेला घेऊन बघायला आल्या. पुढच्या दारानं, चपला बाहेर काढून. "वाह," म्हणाल्या, आणि कापडावरून हात फिरवता फिरवता दोन बोटांनी भिंत हळूच वाजवून बघितली. भरीव आहे ना. मी ते पाहिलं, हे त्यांनी पाहिलं. आदल्या दिवशी मीही तशीच वाजवून बघितली होती, पण ते मी सांगितलं नाही. चहा टाकला.

परवा तू फोनवर म्हणालीस, आता तुमचं स्वतःचं घर झालं, आता सुरत तुमची झाली. झाली असेल. गावात कोणी दाराशी आलं की आपण "ये" म्हणतो, तोंडही न बघता. इथं मी आधी "कोण?" विचारते, आवाज ओळखते आणि मग कडी काढते. पण ज्या कडीला हात घालते ती मी स्वतः बसवलेली आहे, भिंत मी रचलेली आहे, आणि भिंतीपलीकडे कोण आहे ते मला माहीत आहे. तिच्याबद्दल काय काय माहीत नाही, तेही माहीत आहे. माझ्यासाठी आता घर म्हणजे एवढं. सुट्टी लागली की ये. मी "कोण?" म्हणून विचारीन, तेव्हा राग मानू नकोस. नुसतं "मी" म्हण. तेवढं मला पुरे आहे.