पहिली ओळ फेरीची

खाणी बंद झाल्या तेव्हा मी डिचोलीत एका खनिज वाहतूकदाराच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसत होते. ट्रकांच्या खेपा नोंदवायच्या आणि ड्रायव्हरांचे फोन घ्यायचे, एवढंच काम. ट्रक उभे राहिले तसं आमचं कामही थांबलं. एक दिवस मालकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि आता दुसरीकडे बघा म्हणून सांगितलं. लाटंबार्शाला घरी बसून काजूच्या बिया वाळवण्यात माझा जीव रमेना. म्हापशाला जाऊन वेबसाइट बनवायला शिकले आणि डिचोलीच्या बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानातलं कोपऱ्यातलं मेज भाड्याने घेतलं.

पहिली गिऱ्हाइकं ओळखीतली मिळाली. हार्डवेअरचं दुकान, लग्नाचा हॉल, एक दातांचे डॉक्टर. काम झालं की मी त्यांना बोलावून घ्यायची. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे, मोठ्या स्क्रीनवर आपलं नाव आणि फोटो बघायचे आणि खूश होऊन जायचे. त्यानंतर ती वेबसाइट कोण बघतं, कुठे बसून बघतं, हा प्रश्न त्यांनाही पडत नसे आणि मलाही.

लग्नाच्या हॉलवाल्यांचे एक नातेवाईक तेरेखोलला राहायचे. नवरा मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आणि बायको शिरोड्याची. मुलगे परदेशी गेले होते. रिकाम्या झालेल्या तीन खोल्या या जोडप्याने पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. मास्तर स्वतः डिचोलीला येऊन मला पेनड्राइव्हवर फोटो देऊन गेले. किल्ला, नदी, नदीवरचा सूर्यास्त, माडांची बाग, जेवणाची ताटं मांडलेला मागचा बाल्कांव म्हणजे ओसरी, तिन्ही खोल्या, त्यांच्या पलंगपोसांसकट. मी त्यांना काका म्हणू लागले. वेबसाइट झकास करायची, एवढंच काका म्हणाले, आणि मी ती झकास केली. उघडली की अख्ख्या स्क्रीनभर किल्ला यायचा, तो सरकून नदी यायची, मग बाग. फोन नंबर अगदी खाली, एका नक्षीदार पाटीवर. ती पाटी मीच रंगवली होती, म्हणजे तोही फोटोच होता.

काम दाखवायला मीच तेरेखोलला जाते म्हटलं. त्या निमित्ताने गाव बघणं होईल. स्कूटर घेऊन डिचोलीहून निघाले ती पेडण्यातल्या केरीच्या धक्क्यावर पोचले. नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसत होता. अलीकडे फेरीबोट नव्हती. सुकती होती, म्हणजे नदीचं पाणी ओहोटीने उतरलं होतं. अशा वेळी बोट गाळात रुतते म्हणून ती पलीकडेच बांधून ठेवतात. कधी सुटेल ते धक्क्यावर कोणाला नक्की सांगता येईना. काकांना फोन करावा म्हटलं, तर त्यांचा नंबर माझ्या डिचोलीच्या मेजावर कागदात राहिलेला. पण त्यात काय, नंबर वेबसाइटवर आहेच. मी फोनवर आपलीच वेबसाइट उघडली.

पांढऱ्या स्क्रीनवर गोल फिरत राहिलं. मग किल्ल्याची वरची एक पट्टी आली, नुसतं आभाळ. बऱ्याच वेळाने बुरूज उगवला. धक्क्यावर नेटवर्कची एखादी रेघ यायची आणि जायची. मी फोन हातभर वर धरून उभी होते.

माझ्या शेजारी कोल्हापूरकडची एक गाडी थांबली होती. नवरा, बायको आणि मागे झोपलेली त्यांची मुलगी. तो माणूसही फोन वर धरून उभा होता. मी सहज डोकावले, तर त्याच्याही स्क्रीनवर तेच आभाळ. त्यांना काकांच्याच घरी जायचं होतं. त्याचा फोन माझ्यापेक्षा चांगला असावा, कारण त्याच्याकडे पान शेवटपर्यंत उतरलं. पण ते मोठ्या स्क्रीनसाठी मांडलेलं, फोनवर आक्रसून मुंगीएवढं झालेलं. तो दोन बोटांनी ते ताणायचा, ताणलं की नंबर बाजूला पळायचा, शोधायला सरकवलं की अंगठा भलतीकडे पडून बागेचा फोटो उघडायचा. शेवटी नंबर सापडला, तर तो फोटो असल्यामुळे त्यावर बोट ठेवून फोन लागेना. बायकोने पर्समधून पेन काढलं आणि तो एकेक आकडा सांगत गेला, ती तळहातावर लिहीत गेली.

"हे कुणी बनवलंय काय माहीत," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

"मी," मी म्हटलं.

त्याने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "फोटो छान आहेत," तो म्हणाला.

तिच्या तळहातावरचा नंबर लावला तेव्हा काका म्हणाले की पाणी चढतं आहे, बोट सुटेल, थांबा. आम्ही एकाच फेरीने पलीकडे गेलो. बोटीवर त्या बाईंनी मला घरून आणलेली धपाटी दिली. हातावर निळे आकडे तसेच होते.

घरी काकी वाट बघत होत्या. त्यांनी पाहुण्यांना खोली दाखवली आणि मला सरळ मागच्या बाल्कांवात मेजावर जेवायला बसवलं. उकड्या तांदळाचा भात, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि सोलकढी. जेवता जेवता मी त्यांना धक्क्यावरची हकिगत सांगितली आणि म्हटलं की हे सगळं मोडून फोनसाठी नव्याने मांडायला हवं. इथे येणारा माणूस टेबलावर बसून वेबसाइट बघत नाही, तो वाटेत उभा राहून बघतो. फोटो फार जड आहेत. वर एकच ठेवू, तोही हलका करून. बाकीचे ज्याला बघायचे तो खाली सरकवून बघेल.

एकच फोटो म्हटल्यावर घरात वाद सुरू झाला. काकांच्या मते तो किल्ल्याचाच हवा, लोक किल्ल्यासाठी येतात. काकींना बाल्कांवाचा हवा होता, ज्यात मेजावर ताटं वाढलेली होती. काका म्हणाले, ताटं कोणाच्याही घरी असतात. काकींनी माझ्या ताटात आणखी तिसऱ्या वाढल्या.

"किल्लो आमचो नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "घर आमचा. लोक रवतत खंय?"

काकांनी हात धुतले आणि लोक राहायचे घरातच, तर बाल्कांवाचाच फोटो घे म्हणून मला सांगितलं.

दुपारभर मी त्यांच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसले. माझ्या फोनवर तपासून भागणार नाही म्हणून मी काकांचा साधा स्वस्त फोन मागून घेतला होता. घरात नेटवर्क पलीकडच्या महाराष्ट्रातल्या टॉवरचं यायचं, तेही जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, उभं राहिलं तर. मी काहीतरी बदलायची, काका जनेलाशी जाऊन वेबसाइट उघडायचे आणि तिथून सांगायचे, आली, नाही आली, अर्धी आली. फोटो हलका केला तशी ती लवकर येऊ लागली. अक्षरं मोठी केली. सगळं एकाखाली एक घेतलं. नक्षीची पाटी काढली आणि 'फोन करा' असं रुंद बटण केलं, अंगठा कुठेही पडला तरी लागेल असं. काकांचा अंगठा जाडजूड होता, त्यामुळे मला मापाला बरा पडला.

संध्याकाळी चहा पिताना काकांनी एक गोष्ट विचारली. येणारा प्रत्येक पाहुणा धक्क्यावरून फोन करतो आणि पहिल्यांदा हेच विचारतो, की फेरी आहे का. तर सगळ्यात वर फेरीची एक ओळ टाकता येईल का, ती रोज त्यांनीच बदलायची. धक्का त्यांना जनेलातून दिसायचा.

येईल म्हटलं. त्यांच्या फोनवर दोन बटणं करून दिली, एक हिरवं, एक लाल. हिरवं दाबलं की वेबसाइटवर ओळ येईल 'फेरी चालू आहे', लाल दाबलं की 'फेरी बंद आहे'. खाली तेच इंग्रजीत.

काकांनी ओळ वाचली आणि नको अशी मान हलवली. त्यांचं सगळं आयुष्य मराठी शाळेत गेलेलं. पण शेजारी सगळे कोंकणी, आणि भाषेवरून गावागावांत किती वितुष्ट आलं होतं ते त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं. 'आहे' लिहिलं तर एक म्हणेल मास्तरने मराठी लादली, कोंकणीतलं 'आसा' लिहिलं तर दुसरा म्हणेल मास्तर फिरला.

"क्रियापद काढून टाक," ते म्हणाले. "फेरी चालू. फेरी बंद. दोन्ही भाषांत बरोबर आहे."

मी काढून टाकलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मला एक गोष्ट दिसली आणि मी काळजीत पडले. तीन खोल्यांच्या वेबसाइटवर रोज भरपूर माणसं येत होती, पावसात, जेव्हा पाहुणे नसतात तेव्हा. आणि येत होती ती लगेच निघून जात होती. खोल्यांपर्यंत कोणी उतरतच नव्हतं. आमच्या धंद्यात माणूस येऊन लगेच निघून गेला म्हणजे पान फसलं असं धरतात. मी बटणाचा रंग बदलून बघितला, फोटो आणखी हलका केला. काही फरक पडेना. शेवटी काकींना फोन करून विचारलं.

काकी हसल्या. केरीहून तेरेखोलच्या शाळेत येणाऱ्या बाई घरातून निघण्याआधी ती ओळ बघतात, असं त्या म्हणाल्या. मासे घेऊन येणारी बघते, तिला वाचता येत नाही म्हणून सून बघून सांगते. पंचायतीतले लोक बघतात. वरची ओळ वाचली की त्यांचं काम झालं, खोल्या बघून ते काय करणार. मी बटणाचा रंग पुन्हा पहिल्यासारखा करून टाकला आणि त्या पानाला हात लावायचं सोडून दिलं.

पुढे एकदा श्रावणात काकांना अचानक छातीत दुखू लागलं म्हणून शेजाऱ्यांनी सकाळीच रस्त्याने सावंतवाडीच्या इस्पितळात नेलं. त्या दिवशी फेरीबोट दुरुस्तीला गेली होती. वेबसाइटवर मात्र आदल्या दिवशीचं 'फेरी चालू' तसंच राहिलं. शाळेतल्या बाई भर पावसात धक्क्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी घरी फोन लावला. काकी घरी एकट्या, काळजीने अर्ध्या झालेल्या. काकांचा फोन घरीच राहिला होता. त्यांनी मला फोन केला आणि विचारलं की ती बाई भिजते आहे, ओळ बघून आणखीही कोणी येतील, काय करू.

मी त्यांना काकांचा फोन हातात घ्यायला सांगितलं. कुठे दाबायचं, मग कुठे, असं सांगत गेले. लाल बटण दिसलं म्हणाल्या.

"दाबा, काकी."

"मोडात काय गो?"

"काही मोडत नाही."

त्यांनी दाबलं. मी डिचोलीला माझ्या फोनवर बघत होते, ओळ बदलली. ती मी त्यांना वाचून दाखवली. मग त्या म्हणाल्या, आता त्यांची खबर येईपर्यंत मला काहीतरी करायला मिळालं. त्या दिवशी त्या धक्क्याकडे लक्ष ठेवून जनेलाशीच बसून राहिल्या. दुपारी निरोप आला की काळजीचं कारण नाही, दोन दिवसांत सोडतील.

काका घरी आले, डॉक्टरांनी दिलेलं पथ्य पाळू लागले. त्यांनी फोन परत मागितला तेव्हा काकींनी दिला नाही. दुसरा घ्या म्हणाल्या. काकांनी दुसरा घेतला. ओळ काकीच बदलत राहिल्या, आणि शाळेतल्या बाई मला एकदा डिचोलीच्या बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या की हल्ली ती जास्त वेळेवर बदलते.

तेरेखोलनंतर मी माझी पद्धत बदलली. कोणाचंही काम घेतलं की आधी जिथून गिऱ्हाईक येणार तिथे जाऊन उभी राहायची आणि तिथे पान उघडून बघायची. हार्डवेअरवाल्याचं डिचोलीच्या बसस्टँडवर उघडून बघितलं आणि सगळं नव्याने मांडलं. दातांच्या डॉक्टरांचं काम बदलताना त्यांनी विचारलं की दुखणारा दात धरून कोण काय वाचणार. मी म्हटलं, म्हणूनच नंबर वर. ते तयार झाले. मोठं ऑफिस मी कधी केलं नाही. झेरॉक्सच्या दुकानातलं मेज सोडून दोन मेजं मावतील एवढी जागा घेतली, ती अजून आहे.

एका दिवाळीनंतर आईला घेऊन तेरेखोलला गेले. तिन्ही खोल्या भरलेल्या होत्या. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येऊ, पण काकी ऐकेनात, त्यांनी आतल्या घरात आमची गादी घातली. आई माझी आरोंद्याची. काकी शिरोड्याच्या. दोघींची माहेरं एकमेकींपासून हाकेवर, हे कळायला त्यांना चहाचा अर्धा कप लागला. मग कोणाची आते कुठे दिलेली, कुठल्या देवळाच्या जत्रेला कोण जायचं, यांत त्या अशा गुंतल्या की काकांनी आणि मी उठून स्वयंपाकघरात जाऊन बांगडे तळायला घेतले. काकांना तेलकट वर्ज्य होतं. एक त्यांनी काकींच्या नकळत माझ्या आडोशाला उभं राहून खाल्ला.