कोंबडे चालतील, पाठवा

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, आणि ती आता गेली. देवापुढेसुद्धा मी हे कधी तोंडाने बोलले नाही, हात जोडून दुसरंच काहीबाही मागत राहिले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आणि हे बघा — मधेच "जाऊ द्या हो, होतं असं" म्हणू नका. तसलं बोलणं ऐकलं की माझं डोकं उठतं.

गोष्ट कोंबड्यांची आहे. हसू आलं ना? येऊ दे. आमच्या पहूरला पण सगळे हसलेच.

मी या घरातली थोरली सून. माहेर धुळ्याकडचं. सुनीता माझी धाकटी जाऊ. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे घरात बायका म्हणजे आम्ही दोघीच, आणि शब्द चालायचा तो सासऱ्यांचा — आबांचा. मला दोन पोरं. सुनीताला दोन पोरी. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे बोलले ते याच्यावरूनच बोलले.

लग्न होऊन आले तेव्हापासून गोठ्याच्या कडेला माझ्या चार-पाच गावरान कोंबड्या असायच्या. संध्याकाळी टोपलीखाली झाकायच्या, सकाळी सोडायच्या, मुंगसापासून जपायच्या. घरात अंडं खाल्लं तर ते माझ्या कोंबडीचं. पण कधी कुणी म्हटलं का, की बाई, तुझ्या हाताला गुण आहे? छे! कोंबड्या म्हणजे माझा रिकामपणाचा उद्योग. आणि सुनीता? तिने मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि एक दिवस जेवता जेवता आबांना सरळ सांगितलं, की मला पोल्ट्री टाकायची. हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं आणायची, पण सगळ्या माद्याच. ते तिथेच नर-मादी वेगळं करून देतात. पाच महिन्यांत अंडी सुरू. जामनेर रोडचे ढाबे आणि एक होस्टेल अंडी घ्यायला तयार आहेत, ती विचारून आली होती.

आणि आबांनी ऐकून घेतलं! मी भाकरी वाढत होते, माझा हात तसाच राहिला. आबा म्हणाले, "करून पाह्य एकदा. जमलं त शेड तुह्यं, कापूस येचाले जाऊ नको. नाही जमलं त पुन्हा नाव काढजो नको." सुनीताच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी अजून विसरले नाही. तिला या घरात पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं मिळणार होतं, आणि ते एकाच खेपेवर होतं. हे मला कळत होतं — नीट, पक्कं कळत होतं. तेव्हा अजाणता झालं वगैरे काही म्हणायची सोयच नाही.

शेड उभं राहिलं. पत्रे आले, जाळी आली, तुसाचा थर पसरला, बल्ब टांगले. माझ्या कोंबड्यांना एवढ्या वर्षांत एक धड खुराडं कुणी करून दिलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आग खरी कुणावर निघायला हवी होती? आबांवर. नवऱ्यावर. पण त्यांच्यापुढे माझी मान वर होत नव्हती, आणि सुनीता समोर होती, हसत होती, "अक्का, अक्का" करत मागे मागे फिरत होती. बरं सापडलं गरीब माणूस.

तिचा फोन पडून फुटला होता. हॅचरीशी ती माझ्याच फोनवरून बोलायची. दोनदा-तीनदा बोलली. आमच्याकडे खाली रेंज येत नाही, म्हणून गच्चीवर जाऊन, एका कानात बोट घालून मोठमोठ्याने. "माद्या हो, माद्या. एकही नर नको." शेजारच्या गल्लीलाही पाठ झालं होतं.

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. सुनीता नदीकडच्या वावरात गेली होती. फोन वाजला. हॅचरीवाला. म्हणाला, "ताई, या खेपेला माद्या संपल्या. जी राहिलीत त्यात नरच जास्त. पाठवू, का पुढच्या खेपेपर्यंत थांबता?"

थांबते म्हणायचं होतं. एवढंच. नाहीतर सुनीताला येऊ दे, ती सांगेल, म्हणायचं होतं. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "कोंबडे चालतील. पाठवा."

गडबडीत निघालं तोंडातून? अजिबात नाही. मी फोन ठेवला, उरलेल्या मिरच्या पसरवल्या आणि खाली येऊन चहा केला. मला बरं वाटत होतं, हो! बरं वाटत होतं, हेही ऐकून ठेवा.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. भोकं पाडलेली खोकी, आत नुसता चिवचिवाट. ड्रायव्हर म्हणाला, बघून घ्या, गाडी गेली की तक्रार चालत नाही; शंका असेल तर खोकी परत नेतो. म्हणजे बघा, अजून वेळ गेली नव्हती. तेव्हाही सगळं सावरता आलं असतं. सुनीता माझ्याकडे वळली. "अक्का, तुम्हीच पाह्या. तुम्हाले समजते."

आता हे समजतं म्हणजे काय, ते सांगते. माझ्या माहेरी पिल्लू पायाला धरून उलटं लटकवायचे. डोकं वर उचलून धडपड केली तर नर, निमूट लटकून राहिलं तर मादी. यात तथ्य किती, देव जाणे. निमूट लटकते ती मादी! ज्या कुणी हे शोधून काढलं त्याला समोर उभा करून विचारावंसं वाटतं. पण आमच्याकडे या परीक्षेवर सगळ्यांचा विश्वास, आणि ती मला येते म्हणून घरात माझा जो काय तो एवढाच मान.

मी खोक्यात हात घातला. एक पिल्लू धरलं, उलटं केलं. दुसरं धरलं. तिसरं. आबा खाटेवर बसून बघत होते, सुनीताच्या पोरी माझ्या पदराला धरून उभ्या होत्या. पिल्लं धडपडत होती की लटकत होती, मी पाहिलंसुद्धा नाही. मला उत्तर माहीत होतं. मी चांगली दहा-बारा पिल्लं उलटीसुलटी केली आणि माझ्या माहेरच्या बोलीत ऐटीत सांगितलं, "बठ्ठ्या माद्या शेतस!" म्हणजे सगळ्या माद्याच आहेत. सुनीता टाळ्या वाजवून हसली. टेम्पो निघून गेला.

पुढे तिने त्या पिल्लांचं काय काय केलं ते मी रोज बघत होते. थंडीत शेडला गोणपाटं बांधली. लाइट गेली की शेगडी पेटवून बसायची. एकेकाच्या चोचीला बोटाने पाणी लावायची. मला एकदा तरी वाटलं का, की आता बोलावं? वाटलं. रोज वाटायचं, आणि रोज मी म्हणायचे, उद्या. मग तुरे लाल व्हायला लागले. सुनीता म्हणाली, "अक्का, तुरे लवकर लाल झाले नाही का?" मी म्हटलं, जात चांगली असली की होतात लवकर. असं मी म्हटलं!

आणि मग एका सकाळी एकाने बांग दिली. अर्धवट, घसा बसल्यासारखी. त्याचं ऐकून दुसऱ्याने. आठ दिवसांत सगळं शेड आरवायला लागलं — सकाळी, दुपारी, वाटेल तेव्हा. एकमेकांना रक्तबंबाळ करायचे. कोंबड्या निघाल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. गल्लीतली माणसं झोप मोडली म्हणून भांडायला यायची आणि शेड पाहून हसत परत जायची.

माझा दीर तणतणत हॅचरीवर गेला. परत आला तो बायकोवरच भडकून. हॅचरीवाल्याने त्याला तोंडावर सांगितलं होतं, की आम्ही विचारलं होतं, तुमच्या घरातल्या बाईनेच चालतील म्हणून सांगितलं.

ओसरीवर सगळे जमले. आबा सुनीताला म्हणाले, "काय सांगलं व्हतं तू फोनवर? खरं बोल." ती म्हणाली, मी असं म्हटलंच नाही. आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही हो, मदतीसाठी. "अक्का, तुमच्याच फोनवर येत होते ना फोन. त्यांचा फोन आला व्हता का?"

मी म्हटलं, "आला की. तुलाच तर दिला होता गच्चीवर. तूच बोललीस."

ती आठवायला लागली. मला दिसत होतं ती आठवतेय — कपाळाला आठ्या, ओठ हलतायत. गच्चीवर वारा असायचा, आवाज तुटायचा, ती दोन-तीनदा बोललीच होती. नसलेली गोष्ट ती बिचारी स्वतःच्या डोक्यात शोधत होती. एवढ्यावर तरी मी थांबावं की नाही? नाही थांबले. सगळे गप्प होते, ते मला सोसवेना. भीती वाटली, की या गप्प बसण्यात कुणाला तरी माझी शंका येईल. म्हणून मी हसून म्हटलं, "हिचं सगळं उलटंच बाई! पाळण्यात पोरगे पाहिजेत तिथे पोरी, आणि शेडमध्ये कोंबड्या पाहिजेत तिथे कोंबडे."

ओसरी हसली. आबा हसले. तिचा नवरा हसला. तिच्या पोरी दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. मोठी नऊ वर्षांची होती, तिला सगळं कळलं. बाईच्या जातीची मी, आणि हे माझ्या तोंडून निघालं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मारून घेत नाही, हेही खरं.

आखाडात कोंबडे संपले. ज्याला पाहिजे त्याने नेले, आमच्याही घरी शिजले. सुनीताने खाल्लं नाही. मी खाल्लं. शेडमध्ये आता ठिबकच्या नळ्या पडलेल्या असतात. सुनीता त्याच वर्षी कापूस वेचायला गेली, अजून जाते.

त्यानंतर काही दिवसांनी भांडी घासताना ती मला म्हणाली, "अक्का, मीच बोलली असन का हो? मले आठवत नाही, पण मीच बोलली असन." घरात कुणी नव्हतं. नळ चालू होता. तिला फक्त एक शब्द हवा होता माझ्याकडून. मी म्हटलं, "बोलली असशील."

तेव्हापासून तिने मानलंय, की तीच बोलली. लग्नाकार्यात बायकांना स्वतःच सांगते, मी अशी येडी, न ऐकताच हो म्हणून बसले. बायका हसतात. मीही हसते. साडी घ्यायची तरी मला विचारते, पोरींच्या आजारपणात डॉक्टर कोणता, तेही मलाच विचारते. घरात कुणी तिला विचारत नाही, आणि तीही आता काही मागत नाही.

परवा तिची मोठी पोर बारावी झाली. तिला जळगावला नर्सिंगला जायचंय. फॉर्मची मुदत संपत आली होती, ती आईला म्हणत होती, तू आबांशी बोल, तू हो म्हण ना. सुनीता चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "मले नको विचारू बाई. मी हो म्हटलं की वाटोळं होते. मोठ्या मायले विचार, तिले समजते."

पोर माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी म्हटलं, जा, मी बोलते आबांशी. तिने माझे पाय धरले. आणि मागून सुनीता पोरीला म्हणाली, "पाह्य, म्हटलं नव्हतं? अक्काशिवाय आपलं कोणी नाही."

मी पाय मागे घेतले नाहीत.