ढिल्लोंचं घर, आमचा चिखल

चंदीगडला बदली होऊन आलेल्या आम्हा मराठी मंडळींचं महिन्यातून एकदा एकत्र जेवण असतं. तिथं मी पहिल्यांदा शेजारच्या बांधकामाचं रडगाणं गायलो, तर लोक पोट धरून हसले! आता पानावर बसायच्या आधीच कुणीतरी विचारतं, "काय मोरे, या महिन्यात काय वाहून आलं?" किस्से इतके साठलेत, की मलाच आठवत नाही कुठला कुणाला सांगून झालाय.

तर, सेक्टर ४३ च्या बसस्टँडपासून जवळच आम्ही तळमजला भाड्यानं घेतला. महिन्याभरात शेजारच्या ढिल्लों अंकलनी जुनं घर पाडून नवी कोठी, म्हणजे बंगला, बांधायला काढली. तळघराची माती त्यांनी दोन घरांमधल्या भिंतीला टेकवून रचली. पाऊस आला की ती माती आमच्या मागच्या अंगणात! भिंतीला तडा गेला. तिच्यापासून दोन हातांवर माझ्या वडिलांची खिडकी आणि खिडकीखाली त्यांची खाट. बाकी सगळं आम्ही हसण्यावारी नेलं, पण त्या तड्याची मला खरंच भीती वाटायची.

*

पहिल्याच पावसात समोरच्या आंटी फाटकाशी येऊन ओरडल्या, "भैणजी, गारा आ गया, गारा!"

सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, घरातली सगळ्यात जाड रजई उचलली आणि धावत जाऊन गाडीवर टाकली. काच फुटायला नको! मी डोक्यावर पातेलं धरून दुसरी रजई नेली. आंटी आमच्याकडे बघतच राहिल्या.

आम्ही दोघं भिजत आभाळाकडे बघत उभे. वरून पाण्याशिवाय काहीच पडेना. तेवढ्यात आतून बाबांची हाक आली, "अरे, मागच्या दारातून चिखल यायलाय!"

पंजाबीत गारा म्हणजे चिखल. रजया अजून वाळायच्यात.

*

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नांदेडला. "काय करायलेत हे लोक? पाण्याला उतारच दिला नाही!" असं म्हणत ते दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन शेजारच्या प्लॉटमध्ये शिरले आणि चर खणायला लागले.

भांडण होणार म्हणून मी मागोमाग धावलो. ठेकेदार दरडावतच आला, "बाबूजी, कहाँ से हो?"

"नांदेड."

ठेकेदार सरदारजी. त्यानं वाकून बाबांच्या पायांना हात लावला. "हजूर साहिब वाले हो जी!"

दुपारी मी बघतो तर बाबा खुर्चीत, हातात लस्सीचा ग्लास, आणि चार मजूर त्यांना विचारून खणतायत. संध्याकाळी ठेकेदार त्यांना फाटकापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "बाबूजी, कल कितने बजे आओगे?"

*

आमचे घरमालक कॅनडात. तडा दाखवायला त्यांना व्हिडिओ कॉल लावला. अंगणात घोट्यापर्यंत पाणी, त्यात निळं आभाळ दिसतंय. नेटवर्क अडखळत होतं. मालक बराच वेळ निरखून बघत होते. मग आनंदानं म्हणाले, "ओ जी, स्विमिंग पूल कब बनवाया?"

*

शेवटी महापालिकेत तक्रार केली. एक साहेब पाहणीला आले. सज्जन माणूस, शुद्ध हिंदी बोलणारा. त्यांनी तड्यावर बोट फिरवलं, फोटो काढले आणि निघताना हात जोडून बाबांना म्हणाले, "हम पूरी चेष्टा करेंगे।"

चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला कळलं. बाबांना सांगणार, तोवर ते गाडीकडे बघत म्हणाले, "माणूस प्रामाणिक आहे. तोंडावर सांगून तरी गेला!"

*

मग लेंटर. ठेकेदार सुनंदाला सांगून गेला, "भाभीजी, कल सुबह लेंटर पड़ेगा। गाड़ी हटा लेना।"

"आमच्या बाजूचं पण पडेगा?"

"हां जी, सारा पड़ेगा!"

सकाळी सहाला सुनंदानं बाबांना उठवलं आणि बीपीच्या गोळ्या, घराची फाइल आणि नवा कुकर घेऊन आम्हाला समोरच्या पार्कात बसवलं. आम्ही तिघं बाकावर, धडामकन आवाज कधी होतोय याची वाट बघत. आवाज आला तो मिक्सरचा. दहा वाजता ढिल्लों अंकल हसत हसत डबा घेऊन पार्कात आले. "मुँह मीठा करो जी, लेंटर पड़ रहा है!"

लेंटर म्हणजे स्लॅब. तो इथं टाकत नाहीत, पडतो. सुनंदा लाडू हातात धरून मला म्हणाली, "अहो, घर पडतंय आणि ही माणसं लाडू वाटतायत?"

*

तडा हातभर झाला, तेव्हा मी वकिलाची नोटीस पाठवली. रविवारी ढिल्लों अंकल आपल्या साडूला घेऊन घरी आले. "ये दिल्ली में हैं, आप ही के महकमे में। बड़े अफसर।"

महकमा म्हणजे खातं, म्हणजे हे माझ्याच खात्यातले साहेब! चहा आला. अंकल म्हणाले, "नोटिस-शोटिस छड्डो जी। आप बस राजीनामा लिख दो, बात खत्म।"

माझं बिस्किट चहात पडलं. हिंदीत इस्तीफा म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण वाटलं, आपल्याला नीट समजावं म्हणून हा माणूस मुद्दाम मराठी शब्द शिकून आलाय! साडूनंही मान डोलावली. "यही ठीक रहेगा। आज ही लिख दीजिए।"

"और दीवार?" मी कसंबसं विचारलं.

"आप लिखो तो सही! कल से मिट्टी उठेगी, नई दीवार बनेगी। पक्का!"

मी आत गेलो. सुनंदानं सगळं ऐकलं होतं. "लिहा," ती म्हणाली. "बाबांच्या अंगावर भिंत पडण्यापेक्षा नोकरी गेलेली परवडली. मी शिकवण्या घेईन." बावीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी एवढं बळ दिलं नव्हतं.

मी चार ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद बाहेर नेऊन दिला. ढिल्लों अंकलनी चष्मा लावून वाचला आणि साडूकडे दिला. साडूनं दोनदा वाचला. मग कागद परत अंकलकडे सरकवला.

"मोरे साहब," अंकल हळूच म्हणाले, "लिखना तो समझौता था। दीवार मैं बनवा रहा हूँ, नौकरी आप क्यों छोड़ रहे हो?"